गाणं कोणत्या भांड्यात ठेवावं

यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसावा असा आग्रहही नाही. पण त्या दुपारी कप्तानांच्या घरातल्या झाडून सगळ्या भांड्यांनी गाणी म्हटली. पातेल्याने म्हटलं, बादलीने म्हटलं, कुकरने शिट्टी नसताना म्हटलं, आणि किटलीने तेवढा नकार दिला, तोही तिचं तोंड लहान होतं म्हणून.

कप्तान ओट्यासमोर उभे राहून फोन एका उंच स्टीलच्या डब्यात सोडत होते. विहिरीत पोहरा सोडावा तसा, बेताबेताने. फोन तळाला टेकला आणि आत गाणारी बाई एकदम सर्दी झाल्यासारखी नाकातून गाऊ लागली. कप्तानांनी डब्याच्या तोंडाशी कान नेला, नापसंतीने मान हलवली आणि फोन बाहेर काढला. मग चिनी मातीची बरणी. बरणीत आवाज भरदार झाला, पण बाई पलीकडच्या गल्लीत राहायला गेली. प्लास्टिकच्या बादलीत घातलं तर गाण्याबरोबर बादलीही गुणगुणायला लागली, आणि तिचा सूर वेगळाच. ओट्यावर, स्टुलावर, खाली फरशीवर अशी भांडी मांडून ठेवली होती की उद्या पाणी येणार नाही असं कोणीतरी सांगून गेलं असावं.

शेवटी जाड बुडाच्या पातेल्यात गाणं जरा माणसासारखं वाजलं. कप्तानांचा चेहरा उजळला.

“हे कसं वाटतंय गं?” त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं, आणि लगेच जीभ चावली.

विचारायचं नव्हतं. तोंडच उघडायचं नव्हतं.

आतल्या खोलीत खिडकीपाशी त्यांची बायको खुर्चीत बसली होती. तिला झटका आला त्याला आता दोन महिने होत आले होते. पाय बराच सावरला होता, भिंतीला धरून ती न्हाणीघरापर्यंत जाऊन येई. पण उजवा हात दुसऱ्या कोणीतरी सांभाळायला दिल्यासारखा मांडीवर पडून असे, आणि बोलणं गेलं होतं. समजत सगळं होतं. डोळे पूर्वीसारखेच होते, समोरच्याच्या खिशात काय आहे ते ओळखणारे. पण ओठ उघडायचे, आत काहीतरी शोधाशोध चालायची, आणि काही हाताला न लागल्यासारखे पुन्हा मिटायचे.

तिला पुन्हा बोलतं करायला हॉस्पिटलातून एक तरुण मुलगी येत असे. कप्तान तिला बोलण्याच्या बाई म्हणत. वयाने ती त्यांच्या लेकीपेक्षाही लहान, आवाज मऊ, पण पहिल्याच भेटीत तिने घराला दोन नियम घालून दिले होते. एक, काकूंना रोज त्यांच्या आवडीची गाणी ऐकवायची आणि प्रत्येक गाणं संपलं की थोडा वेळ काहीही न करता थांबायचं. दोन, काकांनी गप्प बसायचं.

दुसरा नियम तिने फार गोड शब्दांत सांगितला होता. काकूंनी ओठ उघडायच्या आत काका त्यांचं वाक्य पुरं करून, त्याचं उत्तर देऊन, वर त्यावर एक किस्सा सांगून मोकळे होतात, मग काकूंनी बोलावं कुठे, असं तिचं म्हणणं. लेकीने ते फोनवर ऐकलं आणि तिला इतकं पटलं की तिने त्या बाईंचे दोनदा आभार मानले.

आता कप्तानांना गप्प बसवणं म्हणजे काय, ते ज्यांनी त्यांची बोट पाहिली असेल त्यांनाच कळेल. जन्मभर त्यांनी नदीवरची फेरीबोट चालवली. पायाखाली इंजिन धडधडतंय आणि त्याच्या वरताण आवाजात आपण बोलतोय, याची सवय एकदा लागली की ती जमिनीवर आल्यावरही सुटत नाही. डिझेल संपलं तेव्हा माशांच्या थव्याने बोट ढकलत काठाला आणली, हे त्यांनी ज्या गांभीर्याने सांगितलं होतं त्या गांभीर्याने लोक मृत्युपत्र वाचतात. असा माणूस तीन आठवडे गप्प होता. गिअर न टाकता इंजिन चालू ठेवावं तसे ते घरभर नुसते थरथरत फिरत. बसले की उठत, उठले की खिडकी उघडत, उघडली की लावत. बोलायचं सगळं त्यांच्या बोटांत उतरलं होतं, आणि बोटांच्या तावडीत सापडला होता तो फोन.

फोन लेकीचा जुना. तिने त्यात गाण्यांची सोय करून पाठवला होता. पहिल्याच दिवशी फोनने विचारलं, आवडते गायक निवडा, निदान तीन. खाली गोल गोल चेहरे. कप्तान बराच वेळ त्या चेहऱ्यांकडे पाहत राहिले. इतकी वर्षं एका छपराखाली काढली, पण बायकोला कोणाचा आवाज आवडतो ते त्यांना माहीत नव्हतं. घरात रेडिओ होता. तो लागला की ते त्याच्यावरून बोलत. शेवटी त्यांनी सज्जन दिसणारे तीन चेहरे निवडले, आणि फोनने त्यावरून असा निष्कर्ष काढला की या घरात प्रेमात पडलेला एक सोळा वर्षांचा मुलगा राहतो. चार दिवस तो त्याच हिशेबाने गाणी पुरवत राहिला.

मग जाहिराती. गाणं संपलं की थांबायचं, असा नियम. आणि नेमक्या त्या थांबण्याच्या जागेत एक पुरुष गादीचे गुण सांगायला येई. बायकोच्या ओठांची हालचाल झाली न झाली तोच तो म्हणे, पाठदुखीला रामराम करा. कप्तानांनी त्याला इतक्या वेळा गप्प बस म्हणून दटावलं की खरा नियम कोण मोडतंय तेच कळेना. लेकीने लांबून काहीतरी दाबून त्या माणसाला हाकललं.

मग बिनवायरचा छोटा स्पीकर आणला. तो जोडताना कप्तानांनी यादीतलं पहिलं नाव दाबलं. घरात शांतता, फोन मात्र म्हणतोय, गाणं चालू आहे. त्यांनी आवाज वाढवला. आणखी वाढवला. थोड्या वेळाने तळमजल्यावरच्या दंतवैद्याची मदतनीस वर आली आणि म्हणाली, डॉक्टरांच्या स्पीकरवर अंगाई लागली आहे, ती बंदच होत नाही, आणि खुर्चीतला पेशंट झोपला आहे. झोपला आहे हे कप्तानांनी स्वतःच्या पदरचं घातलं, ते सोडा.

मग वायरचे इअरफोन. एक टोक तिच्या कानात, एक आपल्या, अशी त्यांनी वाटणी केली. तिच्या वाट्याला गाणारी आली आणि त्यांच्या वाट्याला नुसता ठेका. वायर आखूड, त्यामुळे डोक्याला डोकं लावून बसावं लागे. ते दोन मिनिटं बसत आणि तिसऱ्या मिनिटाला काही न सुचून उठत, की तिच्या कानातलं टोक फटकन निघून यायचं. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा तिने डाव्या हाताने ती वायर गोळा केली, त्यांच्या खिशात कोंबली आणि खिशावर हळूच एक थाप मारली. त्यानंतर भांड्यांचा शोध लागला.

कप्तान अशी साधनं का बदलत होते, ते त्यांच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. खरी गोम साधनात नव्हती. ती त्यांच्या एका गोष्टीत होती.

पहिल्या दिवशी बोलण्याच्या बाईंनी विचारलं होतं, काकूंना गाण्याची आवड होती का? साधा प्रश्न. हो किंवा नाही. पण कप्तानांना कोणी साधा प्रश्न विचारू नये. त्यांनी धुक्याची गोष्ट सांगितली. ते तरुण होते, तीही तरुण होती आणि धक्क्यावरच्या तिकीट खिडकीत बसायची. एका सकाळी ते पलीकडच्या काठावरून बोट घेऊन निघाले आणि नदीच्या मधोमध असं धुकं उतरलं की सुकाणूच्या चक्रावरचा स्वतःचा हात दिसेना. तेव्हा धक्क्यावरून गाणं ऐकू आलं. खिडकीतली मुलगी गात होती. त्या गाण्याला दोरासारखं धरून त्यांनी बोट काठाला आणली, आणि पुढे गाणाऱ्या मुलीलाही घरी आणली.

ही गोष्ट त्यांनी लग्नात सांगितली होती, लेकीच्या बारशात, आणि व्याह्यांना पहिल्याच भेटीत. पण बाईंइतकं मनापासून ती कोणी ऐकली नव्हती. त्यांचे डोळे चमकले. ज्यांची वाचा जाते त्यांतल्या काहींना बोलता येत नाही पण गाता येतं, त्या सांगू लागल्या. गाण्याचा रस्ता वेगळा असतो, तो कधी कधी शाबूत राहतो. काकू इतकं गात असतील तर आपण त्याच रस्त्याने जाऊ. आणि तिथल्या तिथे, त्या एका गोष्टीच्या भरवशावर, उपचार ठरला.

कप्तान त्या दिवसापासून स्वस्थ बसले नव्हते.

धुकं खरं होतं. बोट खरी होती. आवाजही खरा होता, त्याच्यावर तर ते शपथ घ्यायला तयार होते. पायाखाली इंजिन, मागे घाबरलेले उतारू, आणि त्या सगळ्याच्या पलीकडून एक उंच, न तुटणारा, वर जाणारा, खाली येणारा आवाज. त्याच्या रोखाने त्यांनी चक्र फिरवलं होतं. पण शब्द? शब्द एकही ऐकू आला नव्हता. काठाला लागल्यावर त्यांनी सगळ्या धक्क्याला ओरडून सांगितलं की गाण्याने तारलं, आणि मग ते गाणंच होऊन बसलं. लग्नानंतर तिने कधी गाणं म्हटलं नाही. पाळण्यापाशी नाही, न्हाणीघरात नाही. गोष्ट त्या जागी आली की ती कपबशा उचलायला उठे, नाहीतर सुईत दोरा ओवायला घेई. कप्तानांनी तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं की गोष्ट संपली.

आता त्यांना वाटे, आपण भिंतीवर दार रंगवून ठेवलंय आणि बाई आणि लेक ही दोन भली माणसं त्या दारातून हिला बाहेर काढायला बघतायत. हे बाईंना सांगायला ते रोज तोंड उघडत. रोज नियम आठवून मिटत. आणि मग फोन घेऊन आणखी एखादं भांडं शोधत.

त्या दुपारी लेक आली तेव्हा ते मोठ्या पातेल्यात डोकं घालून उभे होते.

“बाबा, हे काय? भांड्यांचं दुकान टाकलंत?”

“प्रयोग चाललाय,” कप्तान पातेल्यातूनच म्हणाले, त्यामुळे त्यांचाही आवाज जरा बरा आला.

लेकीने पिशवी ठेवली, आईच्या गालाला गाल लावला, आणि खोक्यातून कानांवर बसणारे मोठे हेडफोन काढले. काळे, उशीसारखे. हे घातले की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही, ती सांगू लागली; नुसतं गाणं, जणू डोक्याच्या आत कोणी बसून म्हणतंय. तिने ते आईच्या डोक्यावर बेताने चढवले, केस मोकळे केले, फोन तिच्या मांडीवर ठेवला. खुर्चीत एखादी वैमानिक बसल्यासारखी दिसू लागली.

“आणि मी हाक मारली तर?” कप्तानांनी विचारलं.

“तुम्ही हाक मारायचीच नाहीये.”

ते दारात उभे राहून बायकोकडे पाहत राहिले. ती त्यांच्याकडे पाहत होती, पण काचेपलीकडून पाहावं तशी. गाणं चालू आहे की नाही तेही इथे कळत नव्हतं. भांड्यांत निदान दोघांना ऐकू यायचं. ते आत गेले, खिडकी उघडली, बाहेर आले, पुन्हा आत जाऊन खिडकी लावली.

लेक भांडी आवरता आवरता सहज म्हणाली, “बाबा, ते गाणं नेमकं कुठलं होतं हो? मला लहानपणी तुम्ही अंगाई सांगितली होती. माझ्या सासऱ्यांना विरहाचं सांगितलंत. माझ्या काकांना म्हणे लढाईवर निघालेल्या सैनिकांचं.”

“एकच होतं. पण मोठं होतं,” कप्तान म्हणाले.

लेकीने हातातलं झाकण हळूच डब्यावर बसवलं आणि पुढचं भांडं उचललं. ती त्यांचीच लेक होती.

थोड्याच वेळात बोलण्याच्या बाई आल्या. त्यांनी आत जाऊन कप्तानांच्या बायकोचा डावा हात हातात घेतला, एक गाणं संपेपर्यंत तिच्या तोंडाकडे पाहत बसल्या, मग दुसरं. ओठ हलले नाहीत. बोटांनी ठेकाही धरला नाही. ती बाईंकडे बघून नुसती हसली. घरी आलेल्या माणसाची निराशा होऊ नये म्हणून हसतात तसं. बाईंनी दार अर्धवट ओढून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या.

त्या आडवळणाने बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. म्हणाल्या, गाण्याचा उपयोग होताना दिसत नाही. आजपासून तो बंद करून चित्रांची कार्डं सुरू करावी लागतील. तो रस्ता लांबचा आहे, आणि या वयात तो किती जाईल ते आज सांगता येणार नाही. लेकीने पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

“एकच गोष्ट राहिली आहे,” बाई म्हणाल्या. “आपण आजवर त्यांना शंभर गाणी ऐकवली, पण ते एक नाही. धुक्यातलं. ते सापडलं तर मला अजून आशा आहे. काका, आज तुम्ही बोला. अगदी पहिल्यापासून सांगा, काही गाळू नका. कुठेतरी एखादा शब्द आठवेल, की मी शोधते.”

आणि त्यांनी आपला फोन काढून गाणं शोधायची रिकामी चौकट उघडली, अंगठा तयार ठेवला.

तीन आठवडे ज्याची वाट पाहिली तेच कप्तानांच्या समोर आलं होतं. त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. फटीतून खुर्चीची पाठ आणि त्या काळ्या उशीची एक कड दिसत होती. तिला काही ऐकू जाणार नव्हतं. आता सांगून टाकावं. गाणं बिणं काही मला ठाऊक नाही, इंजिनाच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. चार वाक्यांचं काम. त्यांनी तळवे गुडघ्यांवर पुसले.

“खरं सांगायचं तर,” ते म्हणाले.

लेकीने छताकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून हे शब्द निघाले की पुढे काय येतं ते तिला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं.

पण त्यांनी खरंच खऱ्यापासून सुरुवात केली. इतकं खरं, की ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या सकाळी बोट सुटायच्या आधी ती खिडकीतून म्हणाली होती, पलीकडे जाऊन लगेच परत फिरू नका, धुकं उतरणार आहे, हवा बघा. ते हसले होते. धुकं माझ्या ओळखीचं आहे, मला वाट देईल, असं काहीतरी म्हणाले होते. तिने तिकिटांचा गठ्ठा आपटला होता. तरी ते गेले, आणि तरी लगेच फिरले.

“हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतं,” लेक म्हणाली.

“यात सांगण्यासारखं काय आहे,” कप्तान म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच ते फार ओकंबोकं वाटलं. बाई ऐकत होत्या. अंगठा तयार होता. कप्तान उठून उभे राहिले.

उभे राहिल्याने घात झाला. बसून माणूस खरं बोलू शकतो. हातात चक्र आलं की अवघड. त्यांनी हवेतलं चक्र धरलं, पाय फाकवले, आणि धुकं उतरू लागलं. साधं धुकं नव्हे. एवढं दाट, की दमलेले पक्षी त्याच्यावर बसून विसावा घेत होते. बोटीत माणूस माणसाला लागून, बसायला जागा नाही. त्यात एका सर्कशीचा हत्ती, कारण पलीकडे सर्कस संपली होती, आणि हत्तीला बोट लागत होती. हत्तीला बोट लागली म्हणजे काय होतं याची बाईंना कल्पना नसेल. बोट एकदा या अंगावर, एकदा त्या अंगावर. तीन आठवडे तुंबलेलं बोलणं असं सुटलं होतं की मध्ये श्वास घ्यायलाही त्यांना फुरसत नव्हती. बाई आधी हसल्या, मग हसता हसता पुढे झुकल्या. लेकही हत्तीपाशी हसली. किती दिवसांनी त्या घरात कोणी हसत होतं.

कप्तानांचा आवाज चढत गेला. इंजिन बंद पडलं, त्यांनी सांगितलं. खरं तर ते बंद पडलं नव्हतं, पण गाणं ऐकू यायचं तर ते बंद पडणं भाग होतं. सगळीकडे चिडीचूप. हत्तीनेही श्वास रोखला. आणि त्या शांततेत, धुक्याच्या पलीकडून, हळूहळू—

“कुठलं?” बाईंनी विचारलं.

चक्र हातातच राहिलं. कप्तानांनी बाईंच्या अंगठ्याकडे पाहिलं. त्या रिकाम्या चौकटीत एक रेघ उघडझाप करत उभी होती. आता काहीतरी नाव सांगायचं, की ते सापडणार, ते त्या काळ्या उशांतून तिच्या डोक्यात वाजणार, ती हसणार, आणि मग कार्डं. तीन आठवड्यांत ऐकलेली सगळी गाणी त्यांच्या डोक्यात एकदम बोलायला लागली. खरं सांगायची जागा अजूनही तिथेच होती, समोर, रिकामी. त्यांनी ती पाहिली. आणि तिच्या कडेने बोट वळवून ते पुढे गेले.

“नाव नव्हतं त्याला,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज आपोआप हलका झाला. “तिचं स्वतःचंच होतं ते. तिथल्या तिथे रचलेलं. सावकाश ये, असं काहीसं. घाबरू नकोस, मी इथेच आहे, माझ्या आवाजाकडे ये. काय गोडवा, बाई. काय माया त्या शब्दांत. मी एक एक शब्द ऐकत होतो, आणि एक एक हात पुढे सरकत होतो.”

बाईंनी फोन खाली ठेवला. त्यांना पुढे काय विचारावं ते कळेना. खोलीत कोणी बोललं नाही, आणि तेव्हा कप्तानांच्या लक्षात आलं की कुठेतरी बारीक आवाजात गाणं वाजतंय. डास गुणगुणावा एवढंच. डोक्याच्या आत वाजायचं गाणं मोकळ्या हवेत आल्यासारखं.

त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. फटीत खुर्चीची पाठ दिसत होती. काळी उशी तिथे नव्हती.

दार उघडलं. एका हाताने चौकट धरून ती उभी होती. हेडफोन गळ्यात उतरले होते, केस विस्कटले होते, आणि डोळे कप्तानांवर रोखलेले होते.

“गाणं,” ती म्हणाली.

आवाज घोगरा होता, बरेच दिवस बंद असलेल्या कपाटातून काढल्यासारखा. लेक उठली ती अर्ध्यातच थांबली. कप्तानांचं तोंड उघडलं. तिचं पुढचं वाक्य त्यांच्या जिभेवर हजर होतं, आजवर असायचं तसं. बाईंनी नुसता तळवा वर केला. कप्तानांनी तोंड मिटलं, दोन्ही ओठ आत घेऊन दातांखाली धरले, आणि थांबले.

तिचे ओठ हलले. आत शोधाशोध झाली. पुन्हा मिटले. गळ्यातलं बारीक गाणं संपून दुसरं सुरू झालं, तरी कोणी हललं नाही.

“गाणं नव्हतं,” ती म्हणाली. मग डावा हात चौकटीवरून सुटला, बोट कप्तानांकडे वळलं, आणि शब्द सापडेपर्यंत तसंच राहिलं.

“शिव्या होत्या.”